जुन्या जीपगाडीस नवे शॉकअप कसे निवडावेत

द्राक्षांचा हंगाम उरकून मृगाचे वेध लागले, म्हणजे शेतकरी आपली आऊते, पंप व गाड्या दुरुस्तीस काढतो. इंजिनाचे तेल बदलले जाते, ब्रेक पाहिले जातात, टायर फिरविले जातात. परंतु चाक व चासी यांच्यामध्ये निमूटपणे काम करणाऱ्या एका भागाकडे तो पार तुटून पडेपर्यंत कोणी पाहत नाही. हा भाग म्हणजे शॉक अॅब्सॉर्बर, ज्यास आपल्याकडील मिस्त्री 'शॉकअप' म्हणतात. आणि तो तुटला म्हणजे दुकानात जाऊन "सर्वांत भारी असेल तो द्या" असे सांगून आपण मोकळे होतो. ही रीत खर्चाची तर आहेच, परंतु कित्येकदा गाडीस अपायकारकही आहे. यास्तव जुन्या, चारही चाकांस ओढ असलेल्या गाडीस नवे शॉकअप कोणत्या विचाराने निवडावेत, हे या लेखात सांगण्याचे आम्ही योजिले आहे.

या गाडीचा व आपल्या प्रांताचा संबंध जुना आहे. अमेरिकेतील विलिस कंपनीने १९४१ सालापासून लष्करासाठी जी जीप बांधली, तिच्याच घराण्यातील गाड्यांची जोडणी १९४७ साली मुंबईत सुरू झाली. ही जोडणी करणारी महिंद्र आणि महंमद ही मंडळी १९४५ साली स्थापन झाली होती. १९४८ साली तिचे नाव महिंद्र आणि महिंद्र असे झाले. पुढे याच कंपनीचा कारखाना आमच्या नाशिकच्या सातपूर वसाहतीत उभा राहिला, आणि २००२ साली बाजारात आलेली स्कॉर्पिओ गाडी येथेच तयार झाली. स्कॉर्पिओसारख्या नव्या गाड्यांची बैठक निराळी आहे. परंतु सीजे थ्री बी, सीजे ५०० डी, एमएम ५४० अशा ज्या जुन्या गाड्या निफाड, दिंडोरी, पेठ, सुरगाणा या भागांतील वाड्या-वस्त्यांवर अजून राबत आहेत, त्यांस पुढे व मागे दोन्हीकडे पोलादी पाटे आहेत. आमचे विवेचन मुख्यतः या पाट्यांच्या गाड्यांसंबंधी आहे.

आमचा स्वतःचा अनुभव

प्रथम आमची चूक सांगतो, म्हणजे पुढील सूचना का केल्या आहेत हे ध्यानात येईल. काही वर्षांपूर्वी आमच्या जुन्या जीपचे मागील शॉकअप गळू लागले. दुकानदाराने जुन्यापेक्षा लांब व जाड असा जोड दाखविला, आणि "मोठा तो मजबूत" या न्यायाने आम्ही तो घेतला. रिकामी गाडी रस्त्यावर ऐटीत चालली. पुढे फेब्रुवारीत पहाटे द्राक्षांचे क्रेट भरून आम्ही दिंडोरीकडून पिंपळगाव बसवंतच्या बाजारास निघालो. वाटेत एका मोरीवरील खड्ड्यात मागील चाक जोराने वर उचलले गेले, मोठा आवाज झाला, आणि शॉकअपचा खालचा कान पाट्याच्या पट्टीसह उखडून लोंबू लागला. गाडी कशीबशी बाजारात पोचली ती दुपारी. कित्येक क्रेटांत मणी गळून तळाशी बसले होते, आणि भाव अर्थातच मोडून घ्यावा लागला. मागाहून मापे घेतली तेव्हा कळले, की पूर्ण दाबला असताही तो शॉकअप आमच्या गाडीतील जागेपेक्षा सुमारे एक इंच लांब होता. चाक वर येण्यास जागा होती, शॉकअपास नव्हती; मग दोहोंपैकी काहीतरी तुटणे क्रमप्राप्तच होते. दोष मालाचा नव्हता, निवडीचा होता.

शॉकअप काय करतो आणि काय करीत नाही

पुष्कळांची समजूत अशी, की शॉकअप गाडीचे ओझे पेलतो. ही समजूत चुकीची आहे. ओझे पेलतात ते पाटे. चाक उंचवट्यावर चढले, की पाटा वाकतो व तो धक्का आपल्या अंगी साठवितो. उंचवटा सरला की तो साठविलेला जोर परत देतो. येथे कोणी आवर घालणारा नसेल, तर झोका सोडून दिल्यावर जसा हेलकावत राहतो, तशी गाडी वर-खाली हेलकावत राहील आणि चाक जमिनीवर टेकण्याऐवजी टणाटण उडत राहील. हा हेलकावा आवरणे, एवढेच शॉकअपाचे काम.

हे काम तो तेलाच्या साहाय्याने करतो. नळीत तेल असते. दांड्याच्या टोकास बसविलेला दट्ट्या त्या तेलातून सरकतो, आणि तेलास बारीक छिद्रांतून व झडपांतून वाट काढावी लागते. फवारणीच्या पंपाचा दांडा हळू दाबला तर सहज जातो, झटक्याने दाबला तर हात अडतो. तोच नियम येथे आहे. हालचाल जितकी वेगाची, तितका रोध अधिक. हेलकाव्याचा जोर अशा रीतीने तेलात उष्णतेच्या रूपाने जिरतो, आणि ती उष्णता नळीवाटे हवेत जाते. खराब रस्त्यावर चालून आल्यावर शॉकअप गरम लागतो, तो याच कारणाने. यावरून आणखी एक गोष्ट निघते. गाडी उभी असता शॉकअप जवळजवळ काहीच पेलत नाही. मागची बाजू ओझ्याने बसत असेल, तर शॉकअप बदलून ती उचलली जाणार नाही. त्यासाठी पाट्यांकडेच पाहिले पाहिजे.

बहुतेक शॉकअप दाबताना कमी व ओढताना अधिक अडतात. उंचवटा आला असता चाकास वर जाऊ द्यावयाचे, परंतु पाट्याने ते खाली फेकू लागताच आवरावयाचे, हा त्यातील हेतू आहे. तेव्हा हाताने पाहताना ओढ जड व दाब हलका लागला, तर तो दोष समजू नये.

खरोखरच बदलण्याची वेळ आली आहे काय?

गाडीचा कोपरा दाबून सोडून पाहण्याची परीक्षा सर्वांस ठाऊक आहे. मोटारीस ती ठीक. परंतु जुन्या जीपच्या बाबतीत तिच्यावर विसंबू नये. या गाड्यांचे पाटे एकमेकांवर घासतात, त्यात गंज व चिखल धरला म्हणजे ते इतके ताठ होतात, की शॉकअप पार मेला असला तरी गाडी हेलकावत नाही. यास्तव पुढील परीक्षा कराव्यात.

पहिली, डोळ्यांची. नळीवर तेलाचा पुसटसा ओलावा व त्यावर धूळ, एवढ्याने भिऊ नये. तेल ओघळून खाली थेंब धरीत असेल, दांडा वाकला अथवा गंजाने खरबरीत झाला असेल, तर मात्र तो शॉकअप गेला असे समजावे. खरबरीत दांडा नव्या सीलासही थोड्याच दिवसांत फाडतो.

दुसरी, हाताची. आठ-दहा किलोमीटर खडबडीत रस्त्याने गाडी चालवून लगेच चारही शॉकअपांस हाताच्या पाठीने हळूच स्पर्श करावा. जवळच्या सायलेन्सरच्या नळीपासून हात सांभाळावा. तीन गरम व एक थंड असेल, तर थंड राहिलेला कामचुकार आहे, हे सांगावयास मिस्त्री नको.

तिसरी, सोडवून पाहण्याची. खालचे टोक सोडवून दांडा सावकाश, पूर्ण चालीत ओढावा व दाबावा. रोध सर्वत्र सारखा लागला पाहिजे. मध्येच हात मोकळा सुटला, तर आत तेल कमी आहे किंवा झडप झिजली आहे. मात्र आडव्या ठेवलेल्या शॉकअपात हवा तेलात शिरलेली असते. म्हणून तो उभा धरून पाच-सहा वेळा चालवावा आणि मगच निर्णय करावा.

खडखड आवाज येत असेल, तर आधी टोकांचे रबरी बुश पाहावेत. कित्येकदा थोड्या पैशांचे बुश बदलल्याने काम भागते. त्याचप्रमाणे तुटलेला पाटा, मोडलेला सेंटर बोल्ट, ढिले यू बोल्ट, झिजलेले शॅकल बुश आणि टायरमधील भलतीच हवा, ही सर्व कारणे गाडीस उडविणारी आहेत. वेगात स्टिअरिंग थरथरू लागले, तर बहुधा किंगपिन, चाकाचे बेअरिंग किंवा टाय रॉडची टोके झिजलेली असतात. नवा शॉकअप घालून तो रोग झाकला जाईल, बरा होणार नाही. मूळ दुखणे सोडून अंगारा लावण्यासारखेच ते आहे.

लांबीचे माप: सर्व निवडीचा पाया

शॉकअपाची दोन मापे महत्त्वाची: पूर्ण दाबला असता लांबी व पूर्ण ओढला असता लांबी. दोन्ही मापे एका टोकाच्या डोळ्याच्या मध्यापासून दुसऱ्याच्या मध्यापर्यंत घ्यावीत. जुन्या गाड्यांचे पाटे वर्षानुवर्षांच्या ओझ्याने बसलेले असतात, कोणी पाटा वाढविलेला असतो, कोणी शॅकल बदललेले असतात. म्हणून गाडीच्या नावावरून ठरविलेले माप प्रत्येक गाडीस लागू पडेलच असे नाही. आपल्याच गाडीचे माप आपण घ्यावे. त्याची रीत अशी:

सपाट जागी गाडी उभी करून वरच्या व खालच्या खुंटीमधील अंतर मोजावे. समजा ते १६ इंच भरले. नंतर अॅक्सल व चासीखालील रबरी ठोकळा यांमधील मोकळी जागा मोजावी. समजा ती ३ इंच आहे. म्हणजे चाक पूर्ण वर आले असता शॉकअपास १३ इंच जागा उरेल. तो रबरी ठोकळाही मारासरशी अर्धा इंच दबतो असे धरले, तर राहिले साडेबारा इंच. तेव्हा पूर्ण दाबलेला शॉकअप १२ इंचांचा असावा, साडेबारापेक्षा अधिक तर कदापि नसावा. शॉकअप तिरपा बसविलेला असला, तर अॅक्सल जितका वर येतो त्याहून तो थोडा कमी दबतो. म्हणजे या हिशेबाने होणारी चूक सुरक्षिततेच्याच बाजूची आहे.

मग चासीस जॅक लावून चाक जमिनीपासून सुटेपर्यंत गाडी उचलावी, चासीखाली भक्कम लाकडी ठोकळे द्यावेत, आणि पाटा पूर्ण लोंबला असता पुन्हा अंतर मोजावे. केवळ जॅकच्या भरवशावर गाडीखाली कधीही शिरू नये. हे अंतर १९ इंच आले, तर ओढलेला शॉकअप साडेएकोणीस इंचांचा तरी असावा. तो आखूड असेल, तर ओढ्याच्या काठावर चाक लोंबले, की सारा अॅक्सल शॉकअपाच्या दांड्यावर टांगला जाईल. शॉकअप हा लगाम आहे, दोरखंड नव्हे.

ही मापे पुढे व मागे, डावीकडे व उजवीकडे अशी चारही घ्यावीत आणि वहीत टिपून दुकानात न्यावीत. मापे जुळत नसतील, तर दुकानदार कितीही आग्रह करो, तो माल घेऊ नये.

दुनळी की एकनळी?

बाजारात मुख्यतः तीन जाती आढळतात. पहिली साधी तेलाची दुनळी जात. हिच्यात एका नळीभोवती दुसरी नळी असते; आतल्या नळीत दट्ट्या चालतो व बाहेरच्या नळीत तेलाचा साठा राहतो. बाहेरून दगड लागून पोचा पडला, तरी आतील दट्ट्यास सहसा बाध येत नाही. ही स्वस्त, सोशिक व सर्वत्र मिळणारी जात होय. हिचा दोष असा, की लांबवर खडीच्या, पन्हाळी पडलेल्या रस्त्याने गाडी धावली, म्हणजे तेल तापून त्यात हवेचा फेस होतो आणि रोध कमी पडतो. ही जात उलटी बसविता येत नाही.

दुसरी जातही दुनळीच, परंतु साठ्याच्या नळीत हवेऐवजी अल्प दाबाचा नायट्रोजन वायू भरलेला असतो. त्यामुळे फेस बराच कमी होतो. किंमत काहीशी अधिक, पण सोशिकपणा तोच.

तिसरी एकनळी जात. हिच्यात एकाच नळीत तेल व त्यापासून दट्ट्याने वेगळा केलेला जास्त दाबाचा वायू असतो. हिला हवा थेट लागत असल्याने ती लवकर निवते व फेस जवळजवळ धरीत नाही. परंतु दट्ट्या बाहेरच्याच नळीत चालत असल्यामुळे एखादा दगड लागून पोचा पडला, की काम संपले. शिवाय हिची किंमत जबर असते.

आमचा सल्ला असा. ज्याची गाडी मळ्यापासून बाजारापर्यंतच जाते व वेग बेताचाच असतो, त्यास साधी तेलाची दुनळी पुरे. ज्यास भरल्या गाडीने वरचेवर कसारा घाट ओलांडावा लागतो, किंवा पेठ-सुरगाण्याकडील वाटांवर तासन्‌तास गाडी हाकावी लागते, त्याने अल्प दाबाच्या वायूची दुनळी घ्यावी. एकनळी व तिच्या पलीकडील वेगळ्या टाकीच्या जाती शर्यतीच्या कामाच्या आहेत. शेतकऱ्याचा पैसा त्यात घालण्याचे कारण आम्हांस दिसत नाही.

कडक किती असावा?

कडक शॉकअप म्हणजे मजबूत शॉकअप, ही दुसरी चुकीची समजूत. दाबताना फार अडणारा शॉकअप प्रत्येक खड्ड्याचा धक्का सरळ चासीस व मालास पोचवितो. ओढताना फार अडणारा शॉकअप याहून फसवा. पन्हाळी रस्त्यावर एका खड्ड्यातून पाटा पुरता मोकळा होण्यापूर्वीच दुसरा खड्डा येतो. गाडी हळूहळू खाली बसत जाते आणि शेवटी रबरी ठोकळ्यावर आदळू लागते. मालक म्हणतो पाटे नरम आहेत, आणि दोष असतो शॉकअपाचा. फार नरम शॉकअपाने चाक जमीन सोडते. जमीन सोडलेले चाक ना ब्रेक लावते, ना वळण घेते. घाटाच्या उतारावर हा प्रश्न मालाचा न राहता जिवाचा होतो.

योग्य मध्य साधण्यासाठी गाडीवरील ओझे नक्की ठाऊक असले पाहिजे. बाजार समितीच्या वजनकाट्यावर गाडी एकदा रिकामी व एकदा नेहमीच्या मालासह तोलावी. पुढील व मागील चाके निरनिराळीही तोलून घ्यावीत. मागील बाजूवर फरक किती पडतो, हे पाहून पुष्कळांस आश्चर्य वाटेल. गाडी बहुतेक दिवस रिकामी अथवा दोन-चार माणसांनिशी फिरत असेल, तर मूळ जातीचाच शॉकअप घ्यावा. मागे पाटा वाढविला असेल व नेहमी ओझे असेल, तर मागील जोड एक पायरी कडक घ्यावा, पुढील जोड मूळचाच ठेवावा. द्राक्षे व टोमॅटो नेणाऱ्याने कडकपणाकडे झुकण्यापेक्षा टायरमधील हवा व क्रेटांची बांधणी यांकडे अधिक लक्ष द्यावे. हादऱ्याने मणी गळतात, आणि ते नुकसान कोणी भरून देत नाही.

खरेदी व बसवणूक

आपल्या प्रांतात हा माल पूर्वीपासून तयार होतो. गॅब्रिएल इंडिया ही कंपनी १९६१ साली मुंबईस स्थापन झाली, आणि तिच्यानंतर इतरही कारखाने निघाले. तेव्हा चांगला माल दुर्मिळ नाही. परंतु नकली मालही तितकाच सुलभ आहे. पक्की पावती व हमीपत्र घ्यावे, दांडा आरशासारखा गुळगुळीत आहे हे पाहावे, आणि दोन्ही नग दुकानातच उभे धरून चालवून पाहावेत. नळीस भोक पाडून, तेल भरून, पुन्हा झाळलेला 'रीकंडिशन' माल स्वस्त मिळतो. त्याच्या आतील झडपा झिजलेल्याच असतात, म्हणून तो घेऊ नये. वायू भरलेला जुना शॉकअप कापू नये व तापवू नये. त्याने प्राणावर बेतू शकते.

एका अॅक्सलवरील दोन्ही शॉकअप एकाच वेळी बदलावेत. एक नवा व एक जुना अशा जोडीने गाडी ब्रेक लावताना एका बाजूस ओढते. चासीवरील कान गंजले असतील, तर आधी ते दुरुस्त करावेत. बुशांचे नट प्रथम हातानेच लावावेत आणि गाडी आपल्या चाकांवर उभी राहिल्यानंतर शेवटचे आवळावेत. लोंबत्या चाकावर आवळले असता रबर कायमचे पिळवटून राहते व लवकर फाटते. दोनशे-तीनशे किलोमीटर चालल्यावर सर्व नट पुन्हा एकदा तपासावेत.

जाता जाता तरुण मंडळींस एक सूचना. केवळ दिसण्यासाठी लांब शॉकअप व उंच शॅकल घालून गाडी चढविण्याची जी टूम निघाली आहे, तिच्यामुळे प्रोपेलर शाफ्टचे सांधे तिरपे पडून झिजतात व गाडी वळणावर कलते. शिवाय नोंदणीपुस्तकातील तपशिलापासून गाडी बदलणारे फेरफार करण्यास १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाने मनाई आहे. पूर्वजांनी घेतलेली गाडी राबवावी, नटवू नये.

सारांश, आधी दुखणे नक्की ओळखावे, मग चारही कोपऱ्यांची मापे घ्यावीत, मग ओझे तोलावे, आणि सर्वांच्या शेवटी दुकानाची पायरी चढावी. या क्रमाने गेल्यास खर्च कमी होईल व गाडी अधिक टिकेल. बियाणे निवडताना आपली जमीन व आपले पाणी पाहतो, शेजाऱ्याचे नव्हे. शॉकअप निवडतानाही तोच विवेक ठेवावा. पावसाळा लागून वाटा चिखलाने भरण्यापूर्वी एक सकाळ या कामास द्यावी, अशी आमची वाचकांस विनंती आहे. आमच्या हातून जी चूक झाली, ती त्यांच्या हातून न व्हावी, एवढ्यासाठीच हा लेखनप्रपंच.